समुद्राला भिंती असतात का?

मुलांनो, आज एक कोडं घालते. समुद्राला कुंपण नाही, दार नाही, बांध नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून पोहत निघालेल्या माशाला कुणी नाक्यावर अडवत नाही की त्याच्याकडे तिकीट मागत नाही. मग एका जातीचे मासे समुद्रात इथून तिथून सारखेच असायला हवेत, नाही का?

तुम्ही ‘हो’ म्हणालात तर ओशाळू नका. पुष्कळ शास्त्रज्ञांनाही अगदी परवापरवापर्यंत असंच वाटत होतं. आणि त्यांच्याकडे कारणही भक्कम होतं. कॉड नावाचा एक मासा आहे. आपल्याकडे तो नाही, तो युरोप आणि अमेरिका यांच्यामधल्या अटलांटिक महासागराच्या थंडगार भागात राहतो. चांगला तुमच्याएवढा लांब होऊ शकतो आणि हनुवटीला बोकडाच्या दाढीसारखी एकच मिशी. कॉडची मोठी मादी एका हंगामात कित्येक लाख अंडी घालते. साबुदाण्याच्या दाण्याहून बारीक! ही अंडी पाण्यावर तरंगतात, दोन-तीन आठवडे लाटा नेतील तिकडे जातात. त्यातून निघालेली पिल्लंही इतकी चिमुकली, की प्रवाहाविरुद्ध पोहणं त्यांच्या आवाक्यात नसतं. म्हणजे अंडी कुणाची, वाढली कुठे, याचा काही पत्ताच नाही. सगळी भेळच! अशा भेळीत वेगवेगळी घराणी टिकतील कशी?

आता ‘घराणी’ म्हणजे काय ते आधी पाहू. तुमचं नाक आजोबांसारखं, केस आत्यासारखे असं घरातली माणसं म्हणतात ना? हे जे आईवडिलांकडून आपल्याकडे येतं ते जनुकांमधून येतं. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब धागा असतो आणि त्यावर फक्त चार अक्षरांत सगळा मजकूर लिहिलेला असतो. आपल्या मराठीला बाराखडी पुरत नाही, निसर्गाचं चार अक्षरांत भागतं! एकाच जातीच्या दोन माशांचा मजकूर जवळजवळ सारखा असतो, पण काही ठिकाणी एखाद-दुसरं अक्षर बदललेलं असतं. अशा बदलांचा जो साठा असतो, त्याला म्हणायचं जनुकीय विविधता. पिढ्यान् पिढ्या आपसातच अंडी घालणाऱ्या माशांच्या गटात हळूहळू ठरावीक बदल जास्त दिसू लागतात. असा गट म्हणजे एक घराणं.

हे नीट कळायला आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही एक खेळ खेळलो. तुम्हीही खेळा. दोन डबे घ्या. एकात पन्नास लाल गोट्या, दुसऱ्यात पन्नास निळ्या. (पालकांनो, गोट्या नसतील तर दोन रंगांचे मणी किंवा बटणं चालतील.) आता डोळे मिटून या डब्यातली एक गोटी त्या डब्यात आणि त्या डब्यातली एक या डब्यात टाका. पुन्हा. पुन्हा. पहिल्या चार-पाच खेपांना डबे वेगळेच दिसतात. पण तास संपेपर्यंत दोन्ही डब्यांत लाल-निळ्यांची सारखीच मिसळ होते. आमच्या वर्गात एक कोळ्याची मुलगी आहे. तिनं लगेच विचारलं, “बाई, मग माशांची लग्नं दुसऱ्या गावाला होत असली की सगळे मासे एकसारखे, आणि गावातल्या गावात होत असली की वेगवेगळे. असंच ना?” अगदी असंच! मोठाले ग्रंथ वाचून जे कळतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

तर प्रश्न असा, की माशांची लग्नं गावातल्या गावात होतात की दूरदेशी?

याचा पहिला सुगावा लागला तो माशाच्या कानात. तुम्ही घोळ किंवा ढोमा खाताना डोक्यात दोन पांढरे, गुळगुळीत खडे पाहिले असतील. ते दगड नव्हेत, ते माशाच्या कानातले खडे. तोल सांभाळायला आणि ऐकायला त्यांचा उपयोग होतो. मासा वाढतो तसा खडाही थराथरानं वाढतो, झाडाच्या खोडात वलयं दिसतात ना, तशी यातही दिसतात. थंड प्रदेशातल्या माशाचं वय ही वलयं मोजून सांगता येतं. नॉर्वे देशातले गुन्नार रोलेफसेन हे शास्त्रज्ञ कॉडच्या कानातले असे खडे तासन् तास पाहत बसत. १९३३ साली त्यांनी दाखवून दिलं, की नॉर्वेच्या कॉडमध्ये दोन प्रकारचे खडे सापडतात. अगदी आतल्या, म्हणजे माशाच्या लहानपणच्या वलयांचा आकारच निराळा!

याचं कारण असं. नॉर्वेत दोन तऱ्हेचे कॉड राहतात. एक घरकोंबडे. नॉर्वेचा किनारा म्हणजे आपल्या कोकणच्या खाड्यांची थोरली भावंडंच. उंच डोंगरांच्या मधून आत शिरलेल्या, खोल खोल खाड्या. त्यांना फियॉर्ड म्हणतात. हे घरकोंबडे कॉड जन्मभर फियॉर्डमध्ये आणि किनाऱ्यालगत राहतात. दुसरे भटके. ते लहानाचे मोठे होतात उत्तरेकडच्या बर्फाळ बॅरेंट्स समुद्रात. अंडी घालायची वेळ झाली की शेकडो किलोमीटर पोहत लोफोतेन बेटांपाशी येतात. नॉर्वेचे लोक यांना ‘स्क्रेई’ म्हणतात, म्हणजेच भटक्या! हजार वर्षांहून अधिक काळ तिथले कोळी दर हिवाळ्यात या भटक्यांची वाट पाहत आले आहेत. आणि गंमत अशी, की लोफोतेनला भटके आणि घरकोंबडे एकाच सुमाराला अंडी घालतात. जाळ्यातही दोघं एकत्र सापडतात. नुसतं पाहून सराईत माणसालाही नेमकं सांगणं कठीण.

मग त्यांची मिसळ कशी होत नाही?

इथं डीएनएचा धागा कामाला आला. कॉडच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. (आपल्यातही २३च! पण म्हणून कॉड आपला चुलतभाऊ ठरत नाही बरं का.) कॉडचा सगळा डीएनए शास्त्रज्ञांनी २०११ साली वाचून काढला. पुढे असं दिसलं, की पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा बहुतेक भटक्यांमध्ये उलटा जोडलेला आहे. कोकण रेल्वेची गाडी डोळ्यांपुढे आणा. तिचे मधले आठ-दहा डबे सोडवून, तसेच्या तसे उलट्या क्रमानं पुन्हा जोडले, तर? डबे तेच, माणसं तीच, पण क्रम उलटा. अशा उलट्या तुकड्यातल्या जनुकांची सुलट्या तुकड्यातल्या जनुकांशी अदलाबदल जवळजवळ होत नाही. त्यामुळे उलट्या तुकड्यातली सगळी जनुकं एकजुटीनं पुढच्या पिढीत जातात. आणि त्यात कोणती जनुकं आहेत? लांब पोहण्याशी आणि खोल पाण्यात उतरण्याशी ज्यांचा संबंध असावा अशी! भटक्याची शिदोरी एका गाठोड्यात बांधून ठेवल्यासारखी.

या गाठोड्यानं एकदा इतिहासातलं कोडंही सोडवलं. जर्मनीच्या उत्तरेला हाइथाबू नावाचं व्हायकिंग लोकांचं एक जुनं बंदर होतं. तिथं उकरताना इसवी सन ८०० ते १०६६ या काळातली कॉडची हाडं मिळाली. हे मासे तिथलेच की कुठून आणलेले? २०१७ साली शास्त्रज्ञांनी या हजार वर्षांपूर्वीच्या हाडांतून डीएनए काढला, आणि त्यात मिळाली ती भटक्यांची खूण. म्हणजे उत्तर ध्रुवाकडून येणारे हे मासे लोफोतेनला पकडून, वाऱ्यावर खडखडीत वाळवून, व्हायकिंग लोक तेव्हाच दूर दक्षिणेला विकायला नेत होते. सुक्या मासळीचा व्यापार! आपल्या बाजारातल्या सुक्या बोंबलांच्या माळा आठवल्या की नाही?

आता घरकोंबड्यांची गोष्ट. दक्षिण नॉर्वेत गुंडेर डान्नेविग नावाचे एक जहाजाचे कप्तान होते. किनाऱ्यावरची मासळी कमी होते आहे हे पाहून त्यांनी १८८०च्या दशकात फ्लोदेविगन इथं कॉडची अंडी उबवायचं केंद्र काढलं. लाखो पिल्लं फियॉर्डमध्ये सोडायची म्हणजे मासळी वाढेल, असा त्यांचा हिशेब. नॉर्वेचे थोर समुद्रशास्त्रज्ञ योहान योर्ट यांना काही हे पटेना. कॉड दूरदूर फिरणारा मासा, एका खाडीत पिल्लं सोडून काय होणार, असं त्यांचं म्हणणं. कप्तान म्हणत, छे, आमच्या खाडीचे मासे आमच्याच खाडीचे! दोघांचा वाद कित्येक वर्षं गाजला. पिल्लं सोडून मासळी खरंच वाढते याचा पुरावा काही मिळाला नाही. पण साधारण शंभर वर्षांनी त्याच किनाऱ्यावरच्या कॉडचा डीएनए तपासला तेव्हा कप्तानांच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा निघाला. अवघ्या तीस-एक किलोमीटरवरच्या दोन फियॉर्डमधले कॉडसुद्धा थोडे वेगळे होते! मला विचाराल तर, रोज पाण्यावर जाणाऱ्या माणसाचं म्हणणं शास्त्रज्ञानं कान देऊन ऐकावं ते याचसाठी.

पण तरंगणारी अंडी? ती वाहून जात नाहीत? जातात काही. पण फियॉर्डच्या आतल्या बाजूला घातलेली बरीचशी अंडी तिथल्या तिथेच फिरत राहतात. शिवाय मोठे झालेले मासे अंडी घालायला पुन्हा ठरलेल्या जागी येतात. कुठे प्रवाह अडवतो, कुठे पाण्याचा खारटपणा, कुठे थंडी, तर कुठे अंडी घालण्याचा हंगामच निराळा. समुद्रातल्या भिंती या अशा. दिसत नाहीत, पण असतात.

कधीकधी तर पाण्याचा रंगसुद्धा. आपल्या तारलीच्या नात्यातला हेरिंग नावाचा मासा आहे. तो अटलांटिकमध्ये राहतो आणि स्वीडनजवळच्या बाल्टिक समुद्रातही. बाल्टिकचं पाणी कमी खारट आणि जरा तांबूस, चहाचं फिकट पाणी असावं तसं. त्यात निळा प्रकाश फारसा शिरत नाही. मग तिथल्या हेरिंगनी काय केलं? २०१९ साली उघड झालं, की त्यांच्या डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनात फक्त एक कडी बदललेली आहे, आणि तेवढ्यानं त्यांना तांबूस उजेडात अधिक चांगलं दिसतं. एक कडी! अटलांटिकमधला हेरिंग तिथं नेऊन सोडला तर बिचारा संध्याकाळी चष्मा हरवलेल्या आजोबांसारखा चाचपडेल.

सगळेच मासे असे घराण्याघराण्यांत वाटलेले असतात असं मात्र समजू नका. युरोपातल्या नद्यांमधला ईल, म्हणजे वाम, पाहा. नॉर्वेतला असो की इटलीतला, म्हातारपणी तो हजारो किलोमीटर पोहून अटलांटिक पलीकडच्या सार्गासो समुद्रात जातो आणि तिथं सगळे मिळून एकच वऱ्हाड! त्यांचा डीएनए तपासला तर आख्ख्या युरोपभर एकच घराणं निघालं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, माशांची घराणी असोत नाहीतर नसोत, आम्हाला काय त्याचं? सांगते.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. १४९७ साली जॉन कॅबट नावाचा दर्यावर्दी तिकडे गेला. परतल्यावर त्याच्या माणसांनी सांगितलं, की तिथं मासे इतके, की जाळं नको, टोपलीला दगड बांधून पाण्यात सोडली तरी भरून येते! हे मासे म्हणजे कॉड. पुढे जवळजवळ पाचशे वर्षं अनेक देशांचे कोळी तिथं जात राहिले. मग प्रचंड मोठ्या यांत्रिक बोटी आल्या. १९६८ या एका वर्षात तिथून ८ लाख टन कॉड काढला गेला. एक टन म्हणजे हजार किलो, करा गुणाकार! हा सगळा साठा हिशेबात एकच धरला जाई. प्रत्यक्षात त्यात भर समुद्रात अंडी घालणारे आणि किनाऱ्यालगतच्या खाड्यांत अंडी घालणारे असे निरनिराळे गट होते. एक गट संपत आला तरी दुसऱ्या गटातले मासे बोटींना सापडतच राहायचे, आणि वहीत आकडा बरा दिसायचा. त्यातच किती मासे शिल्लक आहेत याचा अंदाज चुकत गेला, पाणीही त्या वर्षांत फार गार होतं. शेवटी २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारनं तिथली कॉडची मासेमारी थांबवली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला. बोटी उलट्या पडल्या, घरं ओस पडली. दोन-चार वर्षांत मासळी परत येईल असं वाटलं होतं. बंदी उठायला २०२४ साल उजाडलं! बत्तीस वर्षं! त्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर आई-बाबा झालं असेल.

शेजारच्या भागातून मासे का नाही आले रिकामी जागा भरायला? इथं मघाचा गोट्यांचा खेळ आठवा. दोन डबे सारखे दिसायला दर पिढीला एखाद-दुसरी गोटी इकडून तिकडे गेली तरी पुष्कळ होतं. जनुकांना दोन पाहुणे पुरतात. पण रिकामा डबा दोन गोट्यांनी भरेल का? त्याला हजारो गोट्या हव्यात. म्हणून दोन ठिकाणचे मासे डीएनएनं सारखे दिसले, तरी एक जागा रिकामी झाल्यावर दुसरीकडचे तिथं राहायला येतीलच असं नाही.

त्याच भागात लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर गिल्बर्ट बे नावाची एक लहानशी खाडी आहे. तिथले कॉड सोनेरी तपकिरी! रंग येतो तो त्यांच्या खाण्यातून, पण डीएनएही बाहेरच्या कॉडहून वेगळा आहे. सावकाश वाढणारे, अंगानं लहान. हिवाळ्यात वर बर्फ गोठतं आणि खाली हे सोनेरी घराणं नांदतं. २००५ साली सरकारनं ही खाडी राखीव केली. तरी मासे कमी होतच गेले. का? कारण उन्हाळ्यात त्यातले काही खाडीबाहेर फिरायला पडतात आणि तिथं इतर कॉडबरोबर जाळ्यात सापडतात. जाळ्याला काय ठाऊक कोण कुठलं! बाहेरच्या मोठ्या घराण्याच्या हिशेबात ते मूठभर मासे म्हणजे काहीच नाही, पण खाडीतल्या लहान घराण्याचे तेच बरेचसे.

मोठं घराणं आणि लहान घराणं यांत हाच फरक आहे. शास्त्रज्ञांनी १९०७ सालच्या नॉर्वेच्या कॉडचा आणि १९४० सालच्या कॅनडाच्या कॉडचा जुना, जपून ठेवलेला नमुना मिळवला आणि त्याची आजच्या कॉडशी तुलना केली. २०२१ साली निकाल छापून आला. कॅनडात मासे इतके घटले, पण जनुकीय विविधता जवळजवळ तशीच होती! हे कसं? पुन्हा गोट्या. दहा रंगांच्या एक लाख गोट्यांमधून डोळे मिटून हजार उचला, बहुधा दहाही रंग हाती येतील. पण शंभर गोट्यांच्या बरणीतून पाचच उचलल्या तर? निम्मे रंग तर हमखास गेलेच. न्यूफाउंडलंडचा कॉड उरला शेकड्याला एक-दोन, पण मूळ बरणीच एवढी अवाढव्य होती की उरलेल्यांतही पुष्कळ रंग शिल्लक राहिले. गिल्बर्ट बेची बरणी इवलीशी. तिथून गेलेला रंग परत आणता येत नाही.

आपल्याकडेही असा अभ्यास चालतो. माशाच्या परातून नखाएवढा तुकडा कापायचा, स्पिरिटच्या बाटलीत ठेवायचा आणि प्रयोगशाळेत त्यातली अक्षरं वाचायची. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं २०२३ साली आपल्या तारलीचा सगळा डीएनए वाचून काढला. भारताच्या किनाऱ्यावरची तारली आणि ओमानची तारली यांत फरक असल्याचंही दिसलं आहे. अरबी समुद्र एकच, पण तारलीची घराणी वेगळी.

आणि आपलं पापलेट? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं रुपेरी पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. (हलव्याला ‘काळं पापलेट’ म्हणतात, पण नात्यानं तो पापलेट नव्हेच, हे जाता जाता सांगून ठेवते.) या रुपेरी पापलेटाला पुस्तकांतून वर्षानुवर्षं पाम्पस अर्जेन्टियस असं नाव दिलेलं असायचं. अर्जेन्टियस म्हणजे लॅटिन भाषेत रुपेरी. हे नाव १७८८ सालचं. पण आपल्या किनाऱ्यावरच्या पापलेटांचा डीएनए आणि त्यांची अंगलट नीट तपासली, तेव्हा पूर्वेकडच्या समुद्रातल्या अर्जेन्टियसहून आपलं पापलेट वेगळं निघालं. नुसतं घराणं नव्हे, जातच वेगळी! मग जुनी पुस्तकं उघडली. फ्रान्सच्या क्यूव्हिए या शास्त्रज्ञानं १८२९ सालीच या माशाला कॅन्डिडस, म्हणजे शुभ्र, असं नाव देऊन ठेवलं होतं. मधल्या काळात ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. भारतीय शास्त्रज्ञांनी २०१९ साली त्याचं नव्यानं सविस्तर वर्णन केलं, आणि आपल्या पापलेटाला त्याचं नाव परत मिळालं: पाम्पस कॅन्डिडस. घरात जुनं पुस्तक असेल तर त्यात काय छापलंय ते काढून पाहा.